भीमगीताच्या व्हिडिओतून कवीला गाळू नका!

१४ एप्रिल जवळ आला की वस्तीतली पोरं मोबाईलवर भीमगीतांचे व्हिडिओ बनवतात. जब्बार पटेलांच्या चित्रपटातली दृश्यं, चैत्यभूमीची गर्दी, ढोलकीच्या ठेक्यावर बदलणारे फोटो. याला 'टाइमपास' म्हणून हिणवणाऱ्या आपल्याच शिकलेल्या मंडळींशी माझा वाद आहे. कडव्याच्या अर्थाला नेमकं दृश्य शोधायला गाणं आधी समजावं लागतं.

पण मित्रांनो, व्हिडिओवर एडिटरचं नाव ठळक आणि वामनदादा कर्डकांचं गायब, हे कसं? कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ हक्क विकल्यावरही कवीचा नावावरचा अधिकार राखतं. ज्यांची नावं इतिहासातून पुसली गेली, त्यांनीच आपल्या शाहिराचं नाव पुसावं? पुढच्या व्हिडिओवर एवढं लिहाच: गीत कुणाचं, आवाज कुणाचा. जयभीम!