सहावे काम

तुरुंगातील बंदिवानांस भेटावयास जाणारे पाद्री आणि धर्मभगिनी यांचा विषय निघाला की आमच्या अकोल्यातील सुशिक्षित मंडळींचे उत्तर ठरलेले असते: 'दया कसली? ते धर्मांतराचे आमिष आहे!' एवढे बोलून झाले म्हणजे चहाचे पेले पुन्हा भरले जातात आणि बंदिवान होता तेथेच राहतो. आम्ही ख्रिस्ती नाही. कोणाच्या असहायतेचा फायदा घेऊन त्याचा धर्म पालटणे आम्हांसही निंद्यच वाटते. परंतु आमिषाचा एवढा तिटकारा असलेल्या या गृहस्थांपैकी आमिषावाचून तुरुंगाच्या दाराशी किती जण गेले?

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात अंतिम न्यायाचे जे वर्णन आहे, त्यात सहा कामांची गणना आहे. भुकेल्यास अन्न, तान्हेल्यास पाणी, परक्यास आसरा, उघड्यास वस्त्र, आजाऱ्याची विचारपूस आणि बंदिवानाची भेट. पहिल्या पाचांत आम्हांस कोणाची शिकवणी नको. उन्हाळ्यात वऱ्हाडात पाणपोया लागतात, शेगावास अन्नदान चालते, आणि अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या गाडगेबाबांनी तर हीच कामे, त्यांत विद्या, रोजगार व मुक्या प्राण्यांना अभय यांची भर घालून, आपल्या दशसूत्रीत सांगितली. बंदिवानाचे नाव मात्र तेथे नाही. (दुःखी व निराश यांस हिंमत द्यावी, असे बाबांनी सांगितलेच आहे, तेव्हा पळवाट शोधणाऱ्याने त्यांचा आडोसा घेऊ नये.) आमच्या दानधर्मात बंदिवान बसत नाही, कारण 'केले त्याचे भोगतो' हा निवाडा आम्ही घरबसल्या देऊन ठेवलेला असतो. येशूच्या त्या उपदेशात मात्र बंदिवान दोषी की निर्दोष, हा प्रश्न विचारलेलाच नाही.

आणि आमचा निवाडा तरी कितपत खरा? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे देशातील ५,७३,२२० बंदिवानांपैकी ४,३४,३०२ जण, म्हणजे चारांतले तीन, कच्चे कैदी होते. ज्यांचा न्याय व्हावयाचा आहे, त्यांनी 'केले' काय हे आम्हांस कोणी कळविले?

झारखंडातील अशाच कच्च्या आदिवासी कैद्यांसाठी फादर स्टॅन स्वामी तेथील उच्च न्यायालयात गेले होते. पुढे ८ ऑक्टोबर २०२० रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी, एल्गार परिषद प्रकरणात त्यांना अटक झाली व ते आपल्या महाराष्ट्रात, तळोजाच्या कारागृहात आले. कंपवातामुळे हातात पेला ठरत नसे. पाणी पिण्याच्या नळीसाठी त्यांना न्यायालयात अर्ज करावा लागला. जामिनाचा अर्ज उच्च न्यायालयापुढे असतानाच ५ जुलै २०२१ रोजी ते मुंबईच्या रुग्णालयात वारले. आरोपांचा निवाडा झालाच नाही. त्यांस दोषी मानणाऱ्याने मानावे; पण एका नळीसाठी अर्ज का लागावा, याचे उत्तर त्यालाही देता येणार नाही.

नाताळचा केक वाटून आपले कर्तव्य संपले असे मानणाऱ्या ख्रिस्ती बंधूंनाही आमचे हेच सांगणे आहे. गरीब कैद्यास केकाहून जामीनदाराची निकड अधिक असते. अकोल्यात राहून मॅट्रिक झालेले आगरकर १८८२ साली टिळकांसह डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते, हे आम्ही अभिमानाने सांगतो. त्या खटल्यात जोतीराव फुल्यांच्या खटपटीने रामशेठ उरवणे यांनी दहा हजारांचा जामीन दिला, हे सांगावयाचे मात्र राहून जाते.

जामीन मंजूर होऊनही हमीदारावाचून अडकलेला कोणी अकोल्याच्या कारागृहात आहे काय, हे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विचारता येते. इतकी वर्षे या गावात शिकवूनही आम्ही ते कधी विचारले नाही. येत्या सोमवारी विचारणार आहोत.