विश्लेषण : परिचारिकेवर नशेचा आरोप झाला, तर नोंदणीचे काय?

रात्रपाळी संपत आली आहे. सकाळच्या हँडओव्हरला पेंटाझोसिनच्या अँप्युल मोजल्या जातात. रजिस्टरमध्ये दहा, कपाटात आठ. दुपारपर्यंत रात्रीच्या सिस्टरचे नाव वॉर्डभर फिरते आणि संध्याकाळी 'उद्यापासून येऊ नका' असा निरोप येतो. हे चित्र कोणत्याही एका रुग्णालयाचे नाही. ते कुठेही घडू शकते. मात्र सेवाग्राम आणि सावंगीसारखी मोठी शिक्षण रुग्णालये असलेल्या वर्धा जिल्ह्यात शेकडो घरांची चूल या पेशावर पेटते. शिवाय येथे सुमारे पाच दशकांपासून दारूबंदी आहे. अशा जिल्ह्यात नशेचा नुसता संशयही माणसाला कायमचा चिकटतो.

'लायसन्स' म्हणजे नेमके काय?

बोलताना लायसन्स म्हटले जात असले, तरी ती असते महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडील नोंदणी. तिचा आधार महाराष्ट्र परिचारिका अधिनियम, १९६६ हा आहे. परिचर्या शिक्षण आणि व्यवसायाच्या नियमनासाठी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोग कायदाही मंजूर केला.

नोकरी आणि नोंदणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रुग्णालय नोकरीवरून काढू शकते, पण नोंदवहीतून नाव काढू शकत नाही. तो अधिकार परिषदेचा आहे आणि तोही चौकशी करून, संबंधित परिचारिकेचे म्हणणे ऐकल्यानंतरच वापरायचा असतो. 'तुझे रजिस्ट्रेशनच रद्द करतो' या धमकीला घाबरून कोऱ्या कागदावर सही करण्याआधी हा फरक ठाऊक हवा.

एका आरोपात तीन प्रश्न

पहिला प्रश्न साठ्याचा : औषध खरेच कमी पडले का? दुसरा सेवनाचा : ते तिनेच घेतले का? तिसरा कामाचा : ती रुग्णांची काळजी घेण्याच्या स्थितीत होती का? प्रत्येकाचा पुरावा वेगळा. अँप्युल फुटली, अर्धा डोस वाया गेला, घाईत नोंद राहिली, कपाटाची किल्ली तिघांकडे होती, यापैकी काहीही घडलेले असू शकते. साठ्यातील तूट हा चौकशी सुरू करण्याचा आधार आहे, दोष सिद्ध झाल्याचा नव्हे.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. वेदनाशामक खरोखर पळवले जात असेल, तर शस्त्रक्रिया झालेला रुग्ण रात्रभर कण्हत राहतो आणि कागदावर मात्र त्याला इंजेक्शन मिळालेले असते. त्यामुळे 'आपली माणसे सांभाळून घ्या' हाही मार्ग नाही. चौकशी व्हायलाच हवी, पण ती चौकशीसारखी व्हावी.

चाचणी किती निर्णायक?

लघवीची झटपट पट्टी हा केवळ पहिला इशारा असतो. खोकल्याच्या औषधातील कोडीनचे शरीरात काही प्रमाणात मॉर्फिन होते. खसखशीमुळेही चाचणीत मॉर्फिनचा अंश दिसू शकतो, आणि विदर्भातल्या रश्श्यात खसखस काही नवलाची नाही. याच कारणाने अमेरिकेत केंद्र सरकारच्या कामाच्या ठिकाणच्या चाचण्यांची मर्यादा १९९८ मध्ये प्रति मिलिलिटर ३०० नॅनोग्रॅमवरून २,००० वर नेण्यात आली. म्हणून प्रयोगशाळेतील पुष्टी चाचणी, सीलबंद नमुना आणि तो कोणाकडून कोणाकडे गेला याची लेखी साखळी, या तिन्ही गोष्टी मागितल्या पाहिजेत.

नुसत्या लक्षणांवर विसंबण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाचा जुना इशाराही आहे. बच्चूभाई हसनअली कार्यानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९७१ च्या अपघात खटल्यात, रक्त वा लघवीची तपासणी नसताना तोंडाचा वास, अडखळती चाल आणि विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून मद्यपान सिद्ध होत नाही, असे न्यायालयाने म्हटले. तो फौजदारी खटला होता; खातेनिहाय चौकशीत पुराव्याची कसोटी सैल असते. तरीही सलग बारा तासांच्या पाळीनंतर लाल झालेले डोळे हा पुरावा नव्हे, एवढे त्यातून नक्की घेता येते.

कायदा काय म्हणतो?

अमली औषधी द्रव्ये व मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ म्हणजेच एनडीपीएस कायदा. मॉर्फिन, फेंटानिल, पेंटाझोसिन आणि २०१८ पासून ट्रॅमाडॉलही त्याच्या कक्षेत आहे. कलम २७ नुसार मॉर्फिनच्या बेकायदा सेवनाला एक वर्षापर्यंत कैद, २० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. महिलेची अंगझडती महिलेनेच घ्यावी, असे याच कायद्याचे बंधन आहे.

शासकीय परिचारिकांना १९७९ चे शिस्त व अपील नियम लागू होतात. बडतर्फीसारखी मोठी शिक्षा सामान्यतः दोषारोपपत्र आणि रीतसर चौकशीशिवाय देता येत नाही. ४८ तासांहून अधिक काळ कोठडीत राहिल्यास निलंबन आपोआप मानले जाते. मात्र दोषारोपपत्र न देता तीन महिन्यांपलीकडे निलंबन लांबवू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये अजयकुमार चौधरी प्रकरणात सांगितले. खासगी रुग्णालयात एवढे संरक्षण नसते. तेथे नियुक्तीपत्रातील अटी आणि कामगार कायदे हाच आधार.

बचावाची पहिली पावले कोणती?

आरोप लेखी मागावा. राजीनामा किंवा कबुली घाईत देऊ नये. ड्युटीचा तक्ता, हँडओव्हरच्या नोंदी, नार्कोटिक रजिस्टरची संबंधित पाने आणि सीसीटीव्ही चित्रीकरण जपून ठेवण्याची मागणी त्याच दिवशी लेखी करावी. चित्रीकरण काही दिवसांत पुसले जाते. स्वतः डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे घेत असल्यास ती चिठ्ठी पुढे ठेवावी. परिषदेची नोटीस आली, तर मुदतीत उत्तर द्यावे. मुंबई वर्ध्याहून साडेसातशे किलोमीटर दूर आहे म्हणून नोटिशीकडे पाठ फिरवणे सर्वांत महाग पडते.

सवय खरीच असेल तर?

व्यसन हा आजार आहे आणि कायद्यालाही ते मान्य आहे. एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४अ नुसार स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला सेवनाच्या वा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. उपचार अर्धवट सोडले तर ते काढूनही घेता येते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ व्यसनाशी निगडित मानसिक स्थितींना आजारात धरतो आणि गोपनीयतेचा हक्क देतो. १४४४६ ही व्यसनमुक्तीची आणि १४४१६ ही 'टेलि-मानस'ची मोफत हेल्पलाइन आहे.

अमेरिकेतील फ्लोरिडाने १९८० च्या दशकातच परिचारिकांसाठी वेगळी वाट काढली : आधी कामावरून बाजूला, मग उपचार, नियमित तपासणी आणि सुरक्षित ठरल्यास पुन्हा सेवा. आपल्याकडची चर्चा मात्र निलंबन की बडतर्फी यापुढे जात नाही. परिणामी जिला मदत हवी ती लपवते, आणि त्याची किंमत रुग्ण मोजतो. परिचर्या परिषदेने अशी उपचाराची वाट आखावी आणि रुग्णालयांनी दोन सह्यांशिवाय नार्कोटिक कपाट उघडू नये. यातली दुसरी गोष्ट उद्यापासूनही करता येईल.

समाजाने दूर लोटलेल्या कुष्ठरुग्ण परचुरे शास्त्रींना गांधीजींनी सेवाग्राम आश्रमात ठेवून घेतले आणि स्वतः त्यांची शुश्रूषा केली. त्याच जिल्ह्यात, आयुष्यभर इतरांची शुश्रूषा करणारीवर आरोप झाला, तर तिला निदान आपली बाजू मांडण्याची संधी आणि गरज असल्यास उपचार मिळायला हवेत.