हौशी खेळाडू कोण? तलाव, रस्ता आणि सवडीचा प्रश्न

अलीकडे मराठी वृत्तपत्रांत 'आयर्नमॅन' झालेल्या डॉक्टरांच्या, अधिकाऱ्यांच्या, उद्योजकांच्या बातम्या छायाचित्रांसह झळकतात. 3.8 किलोमीटर पोहायचे, अंग पुसून लगेच 180 किलोमीटर सायकल हाणायची आणि उतरल्यावर 42.2 किलोमीटर धावायचे. हे सारे साधारण 17 तासांच्या आत. 1978 साली हवाई बेटावर 15 जणांनी सुरू केलेली ही शर्यत आज जगभर होते. गोव्यात 2019 पासून निम्म्या अंतराची शर्यत होऊ लागली. या शर्यतींत बक्षिसासाठी उतरणारे व्यावसायिक खेळाडू मूठभर असतात. बाकी सगळे पदरमोड करून आलेले 'हौशी'.

हा 'हौशी' शब्द तपासून पाहिला पाहिजे, कारण त्याचा इतिहास आपल्या जिव्हाळ्याचा आहे.

इंग्लंडमध्ये हेनले येथे होड्यांच्या शर्यती होतात. तेथील एकोणिसाव्या शतकातील नियमानुसार जो पोटासाठी कारागिरी किंवा मजुरी करतो तो हौशी ठरत नव्हता. त्याने कधी पैशासाठी वल्हे मारले की नाही, हा प्रश्नच नव्हता. हाताने काम केले, एवढा गुन्हा पुरेसा होता. 1920 साली अमेरिकेच्या जॅक केलीचा अर्ज फेटाळला गेला. हा माणूस गवंडीकाम केलेला, आणि नकाराच्या कारणांत त्याची ही हातमजुरीही नोंदवली गेली. त्याच वर्षी अँटवर्पच्या ऑलिम्पिकमध्ये त्याने सुवर्णपदक जिंकले! 1936 साली ऑस्ट्रेलियाच्या पोलीस शिपायांच्या चमूलाही हेनलेने परत पाठवले, तेव्हा गदारोळ झाला आणि 1937 साली ते कलम गेले. श्रमाला विटाळ मानणारी मनुस्मृती साहेबाच्या देशातही होती, तिथे तिला नियमपुस्तिका म्हणत.

आपल्याकडे पाळवणकर बाळूने हेच भोगले. पुण्यात गोऱ्या साहेबांच्या क्लबात तो पगारी नोकर होता. साहेबांना सराव व्हावा म्हणून नेटमध्ये तासन्‌तास गोलंदाजी करायची, हे त्याचे काम. साहेब खेळणारा, बाळू राबणारा. पुढे त्याच बाळूची गोलंदाजी 1911 साली इंग्लंडने पाहिली, आणि तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्याला मिळाले नाही.

आज ट्रायथलॉनच्या नियमांत असे कलम नाही. उलट वेळेच्या आत शेवटचा आलेल्यालाही पहिल्यासारखेच पदक गळ्यात घालतात, ही गोष्ट प्रस्तुत लेखकाला मनापासून आवडते. मग प्रारंभरेषेवर आपली माणसे इतकी कमी का दिसतात? कारण या खेळाला तीन गोष्टी लागतात : तलाव, रस्ता आणि सवड.

वकील म्हणून मला इथे संविधानाचा अनुच्छेद 15(2) आठवतो. राज्याच्या निधीतून चालणाऱ्या किंवा जनतेसाठी असलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते यांच्या वापरावर जातीच्या कारणाने कोणतीही आडकाठी आणता येणार नाही. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी जो हक्क बजावला तो असा कायद्यात आला. परंतु पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना विहिरीला शिवू दिले नाही, त्यांची मुले पोहायला शिकणार कुठे? गावच्या विहिरीत उडी टाकून पोहायला शिकलेला माणूस आपल्या वस्तीत विचारून पाहा, किती सापडतात!

मी स्वतः चाळिशीत पोहायला शिकलो, तेही महापालिकेच्या तलावात. त्याआधी एका खाजगी क्लबाचा अर्ज आणला होता. त्यावर दोन जुन्या सभासदांची शिफारस हवी होती. जातीचा रकाना नव्हता, आणि शिफारशीच्या दोन ओळी असल्यावर त्याची गरजही नव्हती. पुढे दोन वर्षांनी गोव्यात मिरामारच्या समुद्रात उतरलो, ते महापालिकेच्या त्या पाण्याच्या जिवावर. पोहून बाहेर आलो तेव्हा माझ्या मागे फारसे कोणी उरले नव्हते. पण वेळेत होतो आणि शर्यत पुरी केली.

सार्वजनिक तलाव बंद पडला तर काय होते ते अमेरिकेने दाखवले आहे. मिसिसिपी राज्यातील जॅक्सन शहराने, काळ्या लोकांबरोबर एका पाण्यात उतरावे लागेल म्हणून, नगरपालिकेचे तलावच बंद केले. 1971 साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ते चालवून घेतले. तलाव काळे-गोरे दोघांनाही बंद, म्हणजे समानताच झाली, असा तो न्याय! गोऱ्यांसाठी खाजगी पाणी होतेच. सिका हेन्री ही व्यावसायिक ट्रायथलॉनपटू झालेली पहिली आफ्रिकन-अमेरिकन महिला, आणि त्यासाठी 2021 साल उजाडावे लागले. आपल्या शहरांत तलाव 'दुरुस्तीसाठी' वर्षानुवर्षे बंद राहतात आणि मग ठेकेदाराकडे जाऊन शुल्क वाढवून उघडतात, तेव्हा मला जॅक्सन आठवते. महिलांच्या वेळेचे तर विचारूच नका. माझ्या शहरात त्यांच्यासाठी भर दुपारचा एक तास आहे, म्हणजे धुणीभांडी करणारीच्या मुलीनेही येऊ नये आणि कॉलेजच्या मुलीनेही.

रस्त्याचे फार बोलत नाही. रस्ता सर्वांचा आहे, पण शर्यतीच्या सायकली लाखांत जातात आणि प्रवेश शुल्क पाच आकडी. साधी गिअरची सायकल घेऊनही शर्यत पुरी करता येते, मी केली.

खरी मेख सवडीत आहे. पूर्ण अंतराच्या तयारीला आठवड्याला दहा-बारा तास सहज लागतात. बाबासाहेब मजूर मंत्री असताना त्यांनी मांडलेल्या दुरुस्तीमुळे 1946 साली कारखान्यांतील आठवड्याचे कामाचे तास 54 वरून 48 झाले. कामगाराला माणूस म्हणून जगायला वेळ हवा, हा त्यामागचा विचार. सप्टेंबर 2025 मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील रोजची मर्यादा 9 तासांवरून 12 तासांवर नेण्यास मंजुरी दिली. कामगाराच्या संमतीने, असे म्हणतात. ठेकेदारापुढे उभा असलेला कामगार संमती नाकारतो कशी, हे कामगार न्यायालयात उभे राहिलेल्या कोणालाही विचारा. बारा तास राबून घरी आलेला माणूस हौशी कशाचा होणार?

यावर चळवळीतील काही मित्र म्हणतील, पोरांना नोकऱ्या नाहीत, अत्याचाराचे खटले तुंबलेत आणि तुम्हाला पोहण्याची पडली आहे! मित्रहो, खटले मीही चालवतो. पण चवदार तळ्याचे पाणी काय केवळ तहान लागली म्हणून प्यायलो होतो?

तेव्हा प्रत्येक शहरातील कार्यकर्त्यांनी माहिती अधिकाराचा एक अर्ज टाकावा. महापालिकेचे तलाव किती, चालू किती, बंद असलेला कोणत्या तारखेपासून बंद, ठेकेदाराशी करार काय, महिलांना आणि महापालिका शाळांतील मुलांना कोणती वेळ व काय शुल्क, एवढेच विचारावे. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तोही नाही. उत्तर 30 दिवसांत मिळायला हवे. महापालिकेचे अंदाजपत्रक फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येते, म्हणून अर्ज डिसेंबरच्या आत गेले पाहिजेत.