दाखल्यावर कमाई दिसते, देणे दिसत नाही

तेलगाव हे चौरस्त्यावरचे बाजाराचे गाव. साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की चौकात वर्दळ वाढते आणि हंगाम संपला की दुकानदारांच्या उधारीच्या वह्या भरू लागतात. धारूर तालुक्यातली ऊसतोड कुटुंबे परत येऊन हिशेब करतील तेव्हा किराणा, कापड, बांगडी आणि शिवणकाम यांची येणी वसूल होणार. तोवर दुकानदार स्वतः कोणाचा तरी देणेकरी असतो. त्यातच २०२३ नंतर ज्ञानराधा मल्टिस्टेटमध्ये जिल्ह्यातल्या ठेवीदारांचा पैसा अडकला. ज्यांनी चार पैसे बाजूला टाकले होते, त्यांच्यावरही हात पसरण्याची वेळ आली.

अशा बाजारात कारागीर आजारी पडला किंवा अपघाताने अधू झाला, तर शासन त्याला काय देते? आमच्या वाचकांनी हा हिशेब एकदा नीट समजून घ्यावा, असे आम्हाला वाटते.

समजा, एका शिंप्याचा उजवा हात निकामी झाला. औषधपाण्यासाठी कर्ज झाले. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी त्याला बीडच्या जिल्हा रुग्णालयात जावे लागेल. अनुदानाचा अर्ज धारूरच्या तहसीलमध्ये. सावकाराविरुद्ध तक्रार सहकार खात्याच्या निबंधकाकडे. धंद्यासाठी कर्ज हवे असेल तर मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाचे दार वेगळे. माणूस एकच, पण त्याची एकेक अडचण एकेका कचेरीत वाटली गेली आहे. एका कचेरीचा कागद दुसरीला माहीत नसतो.

यातली मुख्य योजना म्हणजे संजय गांधी निराधार अनुदान योजना. ती १९८० पासून चालू आहे. चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेले, दुर्धर आजाराचे रुग्ण, विधवा, परित्यक्ता अशांना तिचा आधार आहे. जुलै २०२३ पासून अनुदान महिना १५०० रुपये झाले आणि दिव्यांगांसाठी ऑक्टोबर २०२५ पासून २५०० रुपये. ही वाढ चांगली आहे, तिचे स्वागत केले पाहिजे.

अडचण आहे ती उत्पन्नाच्या मर्यादेची. सर्वसाधारण अर्जदाराच्या संपूर्ण कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत हवे, दिव्यांगाच्या बाबतीत ५० हजारांच्या आत. २१ हजार म्हणजे साऱ्या घराची रोजची कमाई ५८ रुपयांच्या आत. २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. घरातल्या एका माणसाने शंभर दिवस काम केले तरी २९,७०० रुपये होतात. म्हणजे शासनाने दिलेले काम केले की शासनाच्याच लेखी माणूस निराधार राहत नाही!

याच राज्याने जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजनेत १५०० रुपये देताना कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख ठेवली. भगिनींना मिळते त्याबद्दल आमची काहीच तक्रार नाही. पण तेवढ्याच रकमेसाठी एका ठिकाणी अडीच लाखांची मर्यादा आणि निराधाराला मात्र २१ हजारांची, हा न्याय आम्हाला समजत नाही.

दुसरी गोष्ट देण्याची. उत्पन्नाच्या दाखल्यावर कमाई लिहिली जाते, त्यातून व्याजाला काय जाते ते लिहिले जात नाही. महिन्याला आठ हजार कमावणाऱ्याने शेकडा पाचने एक लाख उचलले असतील, तर पाच हजार व्याजात जातात. घरी तीन हजार राहतात, दाखल्यावर मात्र वर्षाचे ९६ हजार. शेतकऱ्याच्या कर्जासाठी २००८, २०१७ आणि २०१९ मध्ये माफीच्या योजना आल्या. त्या यायलाच हव्या होत्या. पण हातावर पोट असलेल्या कारागिराच्या देण्याचा विचार कोणत्याही योजनेत झालेला दिसत नाही.

तिसरी गोष्ट धंद्यांच्या यादीची. सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्राने पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. अठरा व्यवसायांना अवजारांसाठी १५ हजार आणि सालीना पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, नंतर दोन लाखांपर्यंत कर्ज मिळते. शिंपी, सुतार, लोहार, गवंडी, कुलूप दुरुस्त करणारे त्यात आहेत. त्यांनी नोंदणी करावी. पण पिंजारी, कलईगर आणि मणियार त्या यादीत नाहीत. मराठवाड्याच्या प्रत्येक बाजारगावात पिढ्यान्‌पिढ्या चाललेले हे धंदे यादी करणाऱ्यांच्या नजरेतून सुटावेत, ही खेदाची बाब आहे.

शासनाकडे मागताना आपल्या हाती असलेले हक्कही वापरले पाहिजेत. महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे. विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शेकडा पाच म्हणजे वर्षाला साठ टक्के. परवाना असलेल्या सावकारालाही एवढे व्याज घेता येत नाही. व्याजात घर किंवा दुकान लिहून घेतले असेल, तर जिल्हा उपनिबंधकाकडे दाद मागता येते. हा कायदा आपल्या मोहल्ल्यांत फारच थोड्यांना ठाऊक आहे. अब्रू जाईल या भीतीने माणूस गप्प बसतो आणि शेवटी दुकान जाते.

मर्यादेत बसावे म्हणून खोटा दाखला काढण्याचा सल्ला देणारे दलालही फिरतात. त्यांच्या नादी कोणी लागू नये. दलालाला पैसे द्यायचे आणि पुढे चौकशीलाही तोंड द्यायचे, असा तो दुहेरी तोटा आहे.

समाजाचीही एक जबाबदारी आहे. जकातीच्या हक्कदारांत कर्जात बुडालेल्याचा स्पष्ट उल्लेख आहे. तरी आपली जकात बहुधा रमजानमध्ये सुट्या नोटांनी वाटली जाते. दहा दुकानदारांनी मिळून वर्षाला एका कारागिराचे देणे फेडले आणि एका शिकलेल्या तरुणाला त्याचे कागद पुरे करायला लावले, तरी एक दुकान उघडे राहील.

शासनाकडे आमच्या तीन मागण्या आहेत. निराधार योजनेची उत्पन्नमर्यादा अडीच लाखांच्या मापाला आणावी. दिव्यांग आणि रुग्णांचे उत्पन्न मोजताना औषधोपचाराचा खर्च आणि कर्जाचे हप्ते वजा करावेत. विश्वकर्मा यादीत सुटलेले धंदे घ्यावेत. तेलगावसारख्या गावांतून या मागण्यांचे ठराव ग्रामसभेत झाले पाहिजेत. आपले व्यापारी आणि कारागीर ग्रामसभेला फिरकतच नाहीत, हे बदलण्याची वेळ आली आहे.