लेकराच्या दुधावर धास्ती
वैरागची लेक लग्न करून अमेरिकेत जाते. इकडे आईबाप तिच्या ग्रीनकार्डासाठी जन्मदाखला प्लास्टिकच्या पिशवीत जपतात; तिकडे ती पोराला मिळणारे सरकारी दूध-धान्य घ्यायला भिते. ‘सरकारवर भार’ ठरू आणि ग्रीनकार्ड अडेल, ही धास्ती अमेरिकी सरकारच्या २०१९च्या नियमाने पेरली. खरे तर घरच्यांनी घेतलेली मदत तेव्हाही अर्जदाराच्या नावावर धरली जात नव्हती. २०२२च्या नियमाने तर ते स्वच्छ लिहिले. नोव्हेंबर २०२५मध्ये तोच नियम मागे घेण्याचा प्रस्ताव आला. तिथेच जन्मलेल्या, तिथल्याच नागरिक असलेल्या लेकराचे दूध आईच्या अर्जाआड येऊ देणे हा उघड अन्याय आहे. अशा घरांनी जाणत्या वकिलाला विचारावे; ऐकीव गोष्टींवर पोराचे दूध तोडू नये.