विश्लेषण : दोन वर्षांखालील बाळाचे विमान तिकीट खरेच स्वस्त असते का?

‘दोन वर्षांचा व्हायच्या आत एकदा फिरून या, नंतर तिकीट पडते.’ लहान मूल असलेल्या घरात हा सल्ला हमखास मिळतो. उन्हाळ्याच्या किंवा दिवाळीच्या सुट्टीचे बुकिंग सुरू झाले की फॅमिली ग्रुपवर तो फिरू लागतो. हिशेब म्हणून तो चुकीचा नाही. पण या स्वस्त तिकिटात बाळाला नेमके काय मिळते, हे पैसे भरताना फारसे कुणी विचारत नाही. उत्तर एका ओळीचे आहे. बाळाला विमानात चढता येते, बसायला जागा मिळत नाही.

नियम काय सांगतो?

आंतरराष्ट्रीय विमानप्रवासात दोन वर्षांखालील बाळाला आई-वडिलांच्या मांडीवर बसवून नेता येते. त्यासाठी बहुतेक कंपन्या मोठ्यांच्या भाड्याच्या साधारण १० टक्के रक्कम घेतात. कर आणि इतर आकार वेगळे. म्हणजे मोठ्या माणसाचे भाडे ४० हजार रुपये असेल, तर बाळाचे ४ हजार. एका मोठ्या माणसाच्या मांडीवर एकच बाळ, त्यामुळे जुळी असतील तर दोन मोठी माणसे लागतात किंवा एका बाळासाठी सीट घ्यावी लागते.

वय मोजले जाते ते प्रवासाच्या तारखेला, बुकिंगच्या नव्हे. इथे अनेक जण फसतात. जाताना बाळ २३ महिन्यांचे आहे आणि वाढदिवस तिकडेच साजरा होणार आहे, तर परतीच्या प्रवासात त्याला स्वतःची सीट लागते आणि त्या सीटचे भाडे भरावे लागते. विमानतळावर हे लक्षात आले, तर त्या दिवशीच्या दराने तिकीट काढण्यावाचून पर्याय उरत नाही.

मांडीवरचे बाळ सुरक्षित नसते का?

आईच्या मिठीपेक्षा सुरक्षित जागा कोणती, असे वाटणे साहजिक आहे. भौतिकशास्त्र मात्र तसे मानत नाही. २१ मे २०२४ रोजी लंडनहून सिंगापूरला निघालेले सिंगापूर एअरलाइन्सचे एसक्यू ३२१ हे विमान म्यानमारवर जोरदार हवेच्या झोतात सापडले. सिंगापूरच्या तपास यंत्रणेने विमानातील नोंदी तपासल्या, तेव्हा अवघ्या ०.६ सेकंदात उभ्या दिशेचे त्वरण +१.३५ जी वरून उणे १.५ जी वर गेल्याचे दिसले. ज्यांनी पट्टा बांधला नव्हता ते वर फेकले गेले. एका प्रवाशाचा मृत्यू झाला, अनेकांना मणक्याच्या आणि डोक्याच्या दुखापती झाल्या.

हेच आकडे बाळाला लावून पाहा. उणे १.५ जी असताना १० किलोचे बाळ छताच्या दिशेने १५ किलोच्या जोराने खेचले जाते. तेही अर्ध्या सेकंदात, आई कदाचित झोपेत असताना. प्रश्न प्रेमाचा किंवा हातांतल्या ताकदीचा नाहीच. माणसाची प्रतिक्रिया इतकी जलद होऊ शकत नाही. अनेक विमान कंपन्या मांडीवरच्या बाळासाठी वेगळा छोटा पट्टा देतात. तो मोठ्यांच्या पट्ट्यात अडकवायचा असतो. त्यामुळे बाळ वर उडण्यापासून वाचते. पण जोराचा धक्का समोरून बसला तर मोठ्या माणसाचे शरीर बाळावर दुमडते, म्हणून अमेरिकेत हा पट्टा वापरू देत नाहीत.

मग सीटची सक्ती का नाही?

हा वाद ३५ वर्षांहून जुना आहे. १९ जुलै १९८९ रोजी युनायटेड एअरलाइन्सचे २३२ क्रमांकाचे विमान अमेरिकेत सू सिटी येथे कोसळले. त्यात मांडीवरची चार मुले होती. त्या वेळच्या पद्धतीप्रमाणे पालकांना सांगण्यात आले की बाळाला पायांजवळ जमिनीवर ठेवा आणि धरून राहा. चारपैकी एक २२ महिन्यांचा मुलगा दगावला. ती सूचना देणाऱ्या मुख्य हवाईसेविका जॅन ब्राउन यांनी पुढे अनेक वर्षे एकच मागणी लावून धरली : प्रत्येक बाळाला स्वतंत्र सीट आणि पट्टा. अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाचेही म्हणणे तेच आहे. ५ जानेवारी २०२४ रोजी अलास्का एअरलाइन्सच्या विमानाच्या बाजूचा पॅनेल हवेतच निखळला, तेव्हाही विमानात मांडीवरची तीन बाळे होती. ती वाचली, आणि चर्चा पुन्हा सुरू झाली.

नियम करणाऱ्या अमेरिकी विमान प्रशासनाने २००५ मध्ये सक्ती नाकारली. त्यांचा युक्तिवाद असा की, बाळाचे पूर्ण तिकीट काढावे लागले तर काही कुटुंबे विमानाऐवजी मोटारीने जातील आणि रस्त्यावर विमानापेक्षा कितीतरी जास्त माणसे मरतात. म्हणजे सक्तीने एकूण मृत्यू वाढतील. युक्तिवाद वरवर थंड वाटतो, पण देशांतर्गत प्रवासासाठी तो बिनतोड आहे.

मुंबई-लंडन किंवा पुण्याहून दुबई या प्रवासाला मात्र तो लागू होत नाही. तिथे मोटारीचा पर्यायच नाही. कुटुंब विमानानेच जाणार, नाहीतर जाणार नाही. त्यामुळे लांब पल्ल्याच्या आंतरराष्ट्रीय प्रवासापुरता तरी हा नियम नव्याने तपासायला हवा. पूर्ण भाड्याची सक्ती करा असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. भार पालकांवर आणि नफा कंपन्यांना, असे व्हायला नको. पण दोन वर्षांखालील बाळाच्या सीटला ठरावीक सवलत द्यायला काय हरकत आहे? भारतातील नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने एप्रिल २०२४ मध्ये कंपन्यांना बजावले की, एकाच पीएनआरवर प्रवास करणाऱ्या १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला आई-वडील किंवा पालकांपैकी किमान एकाच्या शेजारी सीट द्या. मुलांच्या सीटचा विचार नियामक करू शकतो, हे त्यातून दिसलेच आहे.

पालकांच्या हातात आज काय आहे?

ऐपत असेल तर बाळासाठी सीट घ्या आणि विमानात चालणारी कार सीट न्या. सगळ्या कार सीट विमानात चालत नाहीत. मोटार आणि विमान दोन्हींसाठी प्रमाणित असल्याचे लेबल सीटवर असावे लागते आणि तिची रुंदी विमानाच्या सीटमध्ये बसावी लागते. १० ते २० किलो वजनाच्या मुलांसाठी ‘केअर्स’ नावाचा पट्ट्यांचा हार्नेस मिळतो. तो अर्धा किलोच्या आसपास भरतो. कंपनी तो स्वीकारते का, हे आधी लेखी विचारून घेतलेले बरे.

सीट परवडत नाही, असेही अनेक घरांत असते. त्यात अपराधी वाटण्यासारखे काही नाही. नोकरीमुळे परदेशी राहणारे जोडपे आजीला नातू दाखवायला येते, ती काही चैन नव्हे. ‘एवढ्या लहान बाळाला कशाला नेता’ असे सहज म्हणणाऱ्यांना हे दिसत नाही. अशा वेळी एक गोष्ट तरी पाळावी : मांडीवर घेणाऱ्याचा स्वतःचा पट्टा सतत बांधलेला असावा आणि बाळासाठी छोटा पट्टा मागून घ्यावा. समोरच्या भिंतीला लावण्याचा पाळणा, म्हणजे बॅसिनेट, मिळाला तर रात्र सुखाची जाते. पण ती सोय आहे, सुरक्षा नव्हे. उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी तो वापरता येत नाही. विमान हलू लागले की बाळाला उचलून पुन्हा मांडीवरच घ्यावे लागते. त्याला वजनाची मर्यादाही असते, त्यामुळे वर्षाचे गुटगुटीत बाळ त्यात बहुधा मावत नाही.

पासपोर्टचे घोडे कुठे अडते?

बहुतेक वेळा नावावर. बारसे थाटात होते, पण महापालिकेच्या जन्मदाखल्यावर नाव घालायचे राहून जाते. पहिल्या १२ महिन्यांत ही नोंद विनाशुल्क होते. त्यातच २०२५ मध्ये पासपोर्टचे नियम बदलले असून १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखला चालतो. त्यामुळे आधी दाखला, मग तिकीट.

बाळाला स्वतंत्र पासपोर्ट लागतो, आईच्या पासपोर्टवर नाव टाकून भागत नाही. अर्जासोबत दोघा पालकांची संमती (परिशिष्ट ड) द्यावी लागते आणि बाळाला पासपोर्ट सेवा केंद्रात न्यावे लागते. चार वर्षांखालील मुलाचा पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा फोटो घरूनच न्यायचा असतो. चार महिन्यांच्या बाळाची मान धरून तो काढणे हा स्वतंत्र उद्योग आहे. पासपोर्ट पाच वर्षांसाठी मिळतो. म्हणजे त्या फोटोवर मूल साडेचार वर्षांचे होईपर्यंत हिंडते, कारण बरेच देश किमान सहा महिन्यांची वैधता शिल्लक मागतात.

व्हिसाच्या शुल्कात मात्र देशागणिक फरक आहे. शेंगेन देशांचा व्हिसा सहा वर्षांखालील मुलांना निःशुल्क असतो. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाला तान्ह्या बाळाचेही तेवढेच शुल्क पडते. आई किंवा वडील एकटेच बाळाला घेऊन जात असतील, तर दुसऱ्याचे नोटरी केलेले संमतीपत्र जवळ ठेवावे. प्रत्येक देश ते मागत नाही, पण मागितले आणि नसले तर इमिग्रेशनच्या खिडकीवर काही बोलता येत नाही.

बाळ रडते ते का?

विमान कितीही उंच गेले तरी आतील हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तेवढा ठेवलेला असतो. म्हणजे कळसूबाईपेक्षाही उंच. उतरताना तो वाढत जातो आणि कानाच्या पडद्यावर ताण येतो. मोठी माणसे आवंढा गिळतात, बाळाला ते कळत नाही. म्हणून उतरण्यास सुरुवात होताच, गरज पडली तर झोपेतून उठवून, त्याला अंगावर किंवा बाटलीने पाजावे. बाळाच्या दुधाला आणि अन्नाला सुरक्षा तपासणीत १०० मिलीची मर्यादा लागू नसते, प्रवासाला पुरेल इतके नेता येते. घरचे नाचणी सत्त्व ऑस्ट्रेलियाला नेणार असाल, तर ते उतरल्यावरच्या अर्जात जाहीर करा. लपवलेल्या अन्नावर तिथे दंड होतो.

‘सर्दीचे सिरप दे, झोपेल गप्प’ हा सल्ला मात्र ऐकूच नये. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेली सर्दीची औषधे चार वर्षांखालील मुलांना देऊ नयेत, असा इशारा लेबलवर छापण्याचे आदेश भारताच्या औषध महानियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिले आहेत. प्रोमेथाझिन दोन वर्षांखालील मुलांचा श्वास मंदावू शकते. शेजारच्या प्रवाशाची झोप एवढी मौल्यवान नाही.

लसीचे काय?

भारतात गोवर-रुबेलाची पहिली लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर मिळते. त्याआधी परदेशी जायचे असेल तर डॉक्टरांना विचारा. अमेरिकेची आरोग्य यंत्रणा सहा ते ११ महिन्यांच्या बाळांना परदेश प्रवासाआधी एक जादा डोस देण्याची शिफारस करते. तो नेहमीच्या डोसांत धरला जात नाही.

मसाई माराची सहल ठरवणाऱ्यांनी थोडे अधिक थांबावे. केनियाला जाण्यासाठी पीतज्वराची लस लागते आणि ती नऊ महिन्यांखालील बाळाला एरवी देत नाहीत. लसीचे प्रमाणपत्र दहा दिवसांनी वैध होते. प्रमाणपत्राशिवाय तिथून परतणाऱ्या प्रवाशाला भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते.

आणि उतरल्यावर?

विमानातील चर्चा संपली की विमानतळाबाहेर टॅक्सी उभी असते. जर्मनीत १२ वर्षांखालील आणि १५० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला चाइल्ड सीट लागते. संयुक्त अरब अमिरातीत चार वर्षांखालील मुलांना ती सक्तीची आहे. सिंगापूरमध्ये साध्या टॅक्सीला सूट आहे, पण ॲपवरून बोलावलेल्या खासगी गाडीला नाही. त्यामुळे कडेवर मूल घेऊन गाडीत बसू पाहणाऱ्याला चालक नाही म्हणू शकतो. भारतातही २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्याने १४ वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा चाइल्ड सीट नसल्यास एक हजार रुपये दंड ठेवला आहे. विमानासाठी घेतलेली कार सीट इथेही कामाला येते. मुंबई विमानतळावरून घरी परततानाही.