बोळिंजचा जुना चेहरा

जुन्या मुंबईची चित्रकार्डे उदंड सापडतात. चित्रकार म. वि. धुरंधरांनीही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या माणसांची कार्डे रंगवली. त्या काळापर्यंत कार्डाच्या एका बाजूला फक्त पत्ता चालायचा, म्हणून खुशालीचे चार शब्द चित्राच्या कडेलाच कसेबसे कोंबलेले दिसतात. वसईचा किल्लाही कॅमेऱ्यापुढे लवकर आला. पण 12 एप्रिल 1867 पासून ज्या विरारहून मुंबईला लोकल धावते, त्याच विरारला खेटून असलेल्या बोळिंजच्या वाट्याला अशी कार्डे कुठून येणार? विहिरीवरचे रहाट, केळीच्या आणि पानवेलीच्या बागा विकायला कोणी छापल्या नाहीत. बोळिंजचा भूतकाळ घरोघरच्या अल्बमांत आहे, आणि तो कोणत्याही राजवाड्याच्या फोटोइतकाच मोलाचा आहे. एखादा जुना लग्नाचा फोटो निरखून पाहावा: कुपारी समाजातल्या बायकांचे लाल लुगडे त्यात काळेभोर दिसते, कारण फोटोच्या जुन्या काचेच्या प्लेटा आणि फिल्म लाल रंगाला जवळजवळ आंधळ्या होत्या. हा लाल रंग आज फक्त आजीच सांगू शकते. आता म्हाडाच्या टॉवरांनी गावाची क्षितिजरेषाच बदलली आहे आणि वाडीचे घर पाडताना अल्बम सगळ्यात आधी रद्दीत जातो. तेव्हा या रविवारी पेटी उघडा, घरातल्या थोरांना शेजारी बसवा आणि प्रत्येक फोटोमागे मऊ पेन्सिलीने नावे, जागा, साल लिहून ठेवा. बॉलपेन नको, त्याचा वळ पुढच्या बाजूला उमटतो.